चाकांवरच्या घराची वीज

गाडीतच झोपावे, गाडीतच स्वयंपाक करावा आणि सकाळी उठून पुढच्या गावाला निघावे, अशा प्रवासाची हौस आता आपल्याकडेही रुजू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले. एखादी जुनी व्हॅन घेऊन तिची अंतर्गत रचना बदलून घेणारी हौशी मंडळीही आता आढळतात. अशा गाडीत अंथरूण, पाणी आणि शेगडी यांची सोय सहज होते. अडते ते विजेपाशी. इंजिन बंद झाल्यावर फ्रिज, पंखा आणि दिवे गाडीच्या मूळ बॅटरीवर चालवले, तर सकाळी गाडीच सुरू होत नाही. म्हणून राहण्याच्या भागासाठी दुसरी, स्वतंत्र बॅटरी बसवावी लागते आणि अलीकडे ती लिथियमची असावी असे बहुतेकांना वाटते.

तयार लिथियम बॅटरी महाग पडते. त्यामुळे अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियात सुटे घट, म्हणजे बाजारातील भाषेत सेल, मागवून घरीच बॅटरी बांधणाऱ्यांचा मोठा वर्ग तयार झाला आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची बुधवार पेठ पालथी घालणाऱ्या आपल्याकडील हौशी माणसालाही हे काम अवघड वाटत नाही. वरवर पाहता ते अवघड नाहीच. चार घट, तीन जोडपट्ट्या आणि एक पाना एवढे साहित्य हाताशी असले की अर्ध्या तासात १३ व्होल्टची बॅटरी उभी राहते. मात्र, ती योग्य वेळी आपोआप तुटावी, म्हणजे परिपथापासून विलग व्हावी, यासाठी करावी लागणारी व्यवस्था हे खरे काम आहे आणि त्याला अर्धा तास नव्हे, काही आठवडे लागतात. या बॅटरीपासून हातभर अंतरावर माणसे झोपणार असतात, ही गोष्ट प्रत्येक निर्णयाच्या वेळी समोर असली पाहिजे.

लिथियम, पण कोणते?

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेवरच्या दुचाकीने पेट घेतल्याची दृश्ये अनेकांनी पाहिली असतील. लिथियम म्हणजे आग, हे समीकरण तेव्हापासून लोकांच्या मनात पक्के झाले. वस्तुतः ‘लिथियम बॅटरी’ हे एका वस्तूचे नाव नसून एका कुळाचे नाव आहे आणि त्या कुळातील सदस्यांचे स्वभाव फार वेगळे आहेत.

सोनी कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणलेल्या पहिल्या लिथियम-आयन बॅटरीत धन बाजूला कोबाल्टचे ऑक्साइड होते. मोबाइल आणि लॅपटॉप यांचे युग या रसायनाने शक्य केले. निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट यांचे मिश्र ऑक्साइड, अर्थात एनएमसी, हे त्याच वंशातले. १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातील जॉन गुडइनफ यांच्या गटाने लोहाच्या फॉस्फेटवर आधारलेल्या नव्या द्रव्याविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या दोन लेखकांची नावे ए. के. पाढी आणि के. एस. नंजुंडस्वामी अशी आहेत, हे आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नसते. गुडइनफ यांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. हे लिथियम लोह फॉस्फेट म्हणजेच एलएफपी होय.

फॉस्फेटमधील फॉस्फरस आणि ऑक्सिजन यांचा बंध बळकट असतो. घट तापला तरी त्यातून ऑक्सिजन सहजी सुटत नाही, त्यामुळे आगीला आतूनच खतपाणी मिळण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. कोबाल्ट ऑक्साइडचा घट साधारण १५० अंश सेल्सिअसला, एनएमसी २१० च्या आसपास, तर एलएफपी २७० अंशांच्या आसपास अनियंत्रितपणे तापू लागतो, असे ढोबळमानाने सांगता येते. बदल्यात एलएफपीचे वजन तेवढ्याच विजेसाठी अधिक असते. दोनचाकीत ते खटकेल, व्हॅनमध्ये खटकत नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले बोटाएवढे घट शेकड्याने जोडून बॅटरी बांधण्याचा छंदही अनेकांना असतो. तो घरामागच्या शेडपुरता ठीक. वेगवेगळ्या वयाचे आणि अज्ञात इतिहासाचे घट झोपण्याच्या फळीखाली ठेवणे हा प्रस्तुत लेखकाच्या मते शुद्ध अविचार आहे. पुढील सर्व विवेचन एलएफपीपुरतेच आहे.

तथापि एलएफपी जळतच नाही, हा समजही खरा नाही. अतिचार्ज झालेला किंवा चेपलेला घट फुगतो, त्याची झडप फुटते आणि हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड यांसह ज्वालाग्राही आणि विषारी वायू बाहेर पडतात. बंद गाडीत एवढे पुरेसे घातक आहे.

मागणीचा हिशेब

बॅटरीचा आकार ठरवताना घरच्या वीजबिलातले एकक उपयोगी पडते. एक युनिट म्हणजे १००० वॉट-तास. सध्या हौशी लोकांत सर्वाधिक वापरला जाणारा चौकोनी घट ३.२ व्होल्टचा आणि २८० अँपिअर-तासांचा असतो. त्याचे वजन सुमारे ५.४ किलो आणि आकार जाडजूड शब्दकोशाएवढा. असे चार घट एकामागोमाग जोडले की १२.८ व्होल्ट आणि ३५८४ वॉट-तास, म्हणजे साडेतीन युनिटांहून थोडी अधिक वीज साठते. पूर्ण भरणे आणि पूर्ण रिकामे करणे टाळून ८० टक्के वापरली, तर साधारण २८६० वॉट-तास हाती येतात. घरच्या इन्व्हर्टरखालची १५० अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी पन्नास किलोच्या पुढे भरते आणि निम्मीच वापरावी या नियमाने सुमारे ९०० वॉट-तास देते. तिप्पट वीज आणि निम्मे वजन, हा लिथियमचा मोह समजण्यासारखा आहे.

आता खर्चाची बाजू. ४५ वॉटचा लहान फ्रिज दिवसातला ४० टक्के वेळ चालला तर ४३२ वॉट-तास, २५ वॉटचा पंखा दहा तास चालवला तर २५०, दिव्यांचे ६०, लॅपटॉप आणि मोबाइलचे १८०, पाण्याच्या पंपाचे १५. एवढ्यात सव्वानऊशेचा सुमार होतो. त्यात १५०० वॉटची इंडक्शन शेगडी अर्धा तास वापरली की इन्व्हर्टरमधील गळती धरून आणखी ८३० वॉट-तास जातात आणि दिवसाची बेरीज पावणेदोन युनिटांवर पोहोचते. सूर्य दिसला नाही तरी ही बॅटरी दीड दिवस पुरेल. रात्रभर वातानुकूलन यंत्र चालवायचे असेल तर मात्र हा हिशेब कोलमडतो. ते यंत्र सरासरी ७०० वॉट ओढत असेल, तर आठ तासांत ५६०० वॉट-तास खाते. अशा वेळी मोठी बॅटरी बांधण्यापेक्षा महाबळेश्वरला जाणे स्वस्त पडते.

घटांची पारख

घट बहुधा चीनमधून येतात. सुटे लिथियम-आयन घट प्रवासी विमानातून मालवाहतुकीने पाठवण्यास १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे आणि मालवाहू विमानातही ते ३० टक्क्यांहून अधिक चार्ज केलेले नसावेत असा दंडक आहे. म्हणून ते अर्धवट भरलेले हाती पडतात. विक्रेते ‘अ’ दर्जा छातीठोकपणे सांगतात. प्रत्यक्षात वाहननिर्मात्यांनी नाकारलेले घट नवा संकेतांक कोरून विकले जाण्याचे प्रकार होतात. म्हणून पेटी उघडताच प्रत्येक घटाचा विद्युतदाब आणि अंतर्गत रोध मोजून वहीत लिहावा. चारही आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. एखाद्याचे पोट फुगलेले, कोपरा चेपलेला किंवा झडपेभोवती ओल दिसत असेल, तर तो परत करावा. त्याच्याशी तडजोड नको.

यापुढचा टप्पा समतोलाचा आहे आणि बहुतेक घरगुती बॅटऱ्या इथेच बिघडतात. एकसर जोडणीत चारही घटांतून सारखाच प्रवाह जातो. एक घट आधीच थोडा अधिक भरलेला असेल, तर चार्जिंगच्या शेवटी तो सर्वांआधी काठोकाठ भरतो आणि इतर तिघे अर्धपोटी असतानाच संरक्षक यंत्रणा चार्जिंग तोडते. २८० अँपिअर-तासांची बॅटरी मग २४० चीच असल्यासारखी वागते. हे टाळण्यासाठी बॅटरी बांधण्यापूर्वी चारही घट समांतर जोडून ३.६५ व्होल्टपर्यंत भरून घेतात. मात्र निम्मे रिकामे चार घट समांतर भरायचे तर ५६० अँपिअर-तास लागतात. १० अँपिअरच्या वीजपुरवठा यंत्राला त्यासाठी ५६ तास लागतील. म्हणून शहाणी माणसे आधी ते एकसर जोडून, संरक्षक यंत्रणा लावून भरतात, त्याला १४ तास पुरतात, आणि मग शेवटच्या थोड्या चार्जसाठी समांतर जोडतात.

या कामात एक ठरलेली चूक होते. तारांत थोडा दाब खर्च झाल्यामुळे यंत्रावर ३.६५ आणि घटांवर ३.४ दिसते. तासन्‌तास आकडा हलत नाही म्हणून माणूस यंत्राचा दाब वाढवून ठेवतो आणि झोपायला जातो. एलएफपीचा दाब शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतो आणि भरत आल्यावर एकदम चढतो. सकाळी चारही घट फुगलेले असतात. म्हणून दाब घट जोडण्यापूर्वीच मल्टिमीटरने मोजून ३.६५ वर बांधावा, नंतर त्या बटणाला हात लावू नये आणि शेवटचा टप्पा जागेपणी पार पाडावा.

समतोल साधल्यावर बॅटरी पूर्ण भरून सुमारे ६५० वॉटच्या भारावर, म्हणजे ५० अँपिअरने, रिकामी करून पाहावी. साडेपाच तासांहून किंचित अधिक टिकली तर घट छापील क्षमतेचे आहेत. सर्वांत आधी २.५ व्होल्टला येणारा घट वहीत नोंदवून ठेवावा. पुढे त्रास झाला तर बहुधा तोच देतो.

घट पेटीत उभेच ठेवावेत. चार्ज होताना ते किंचित फुगतात आणि रिकामे होताना आकसतात. अनेक उत्पादकांच्या माहितीपत्रकातील हजारो चक्रांचे आयुष्य ठरावीक दाबाखालील चाचणीचे असते; २८० अँपिअर-तासांच्या एका प्रचलित घटासाठी हा दाब ३०० किलो वजनाइतका दिला आहे. दोन्ही टोकांना जाड फळ्या आणि चार आटेदार सळया लावून तो देता येतो, पण जोर करून आवळणे हे न आवळण्याहून वाईट. गाडीत त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे घट एकमेकांवर घासता कामा नयेत. त्यांच्या ॲल्युमिनियमच्या कवचावर निळ्या प्लॅस्टिकचा पातळ वेष्टनापलीकडे आधार नसतो. आपल्या रस्त्यांवर काही महिन्यांत तो झिजू शकतो. म्हणून प्रत्येक दोन घटांमध्ये इपॉक्सी-काचतंतूचा पातळ तक्ता घालावा. जोडपट्ट्याही लवचीक घ्याव्यात. कडक पट्टी गाडीचा प्रत्येक हादरा थेट घटाच्या टोकाला देते.

सांधे, तारा आणि फ्यूज

बारा व्होल्टचा शॉक लागत नाही. म्हणूनच भीती चेपते आणि तीच खरी भीतीची गोष्ट आहे. या बॅटरीचा एकूण अंतर्गत रोध एक-दोन मिलिओहम एवढाच असतो. हातातला पाना दोन टोकांवर आडवा पडला तर हजारो अँपिअर वाहतात, पाना जागीच चिकटतो आणि वितळलेल्या धातूचे शिंतोडे उडतात. काम करताना अंगठी, बांगड्या आणि घड्याळ काढून ठेवावे, डोळ्यांना चष्मा लावावा आणि पान्याच्या दांड्याला विद्युतरोधक पट्टी गुंडाळावी.

२००० वॉटचा इन्व्हर्टर पूर्ण भाराने चालला तर ९० टक्के कार्यक्षमता धरून बॅटरीतून सुमारे १७४ अँपिअर जातात. घरातल्या गिझरला नऊ-दहा अँपिअर लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. बॅटरी ते इन्व्हर्टर अंतर दोन मीटर असेल, तर जाऊन-येऊन चार मीटर तार झाली. ती २५ चौरस मिलिमीटर जाडीची घेतली तर तीत अर्धा व्होल्ट हरवतो आणि ८५ वॉटची उष्णता होते. ७० चौरस मिलिमीटरची घेतली तर उष्णता ३० वॉटवर येते. तारेत पसरलेली ३० वॉट उष्णता सुसह्य असते. पण एखादा सांधा सैल राहून त्याचा रोध एक मिलिओहमने वाढला, तर तेवढीच ३० वॉट उष्णता नखाएवढ्या जागेत निर्माण होते. ती सोल्डरिंगच्या इस्त्रीएवढी असते आणि प्लॅस्टिकला चिकटून बसलेली असते. घरगुती बॅटऱ्यांना लागणाऱ्या आगींचा विचार करताना आपण घटाकडे पाहतो. सैल सांध्याकडे आधी पाहिले पाहिजे. टोके बारीक घासून लगेच पट्टी बसवावी, कारण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर झटपट चढतो. नट टॉर्क पान्यानेच, माहितीपत्रकात दिला असेल तेवढाच आवळावा. ॲल्युमिनियमचे आटे सहज जातात. तारेची टोके पक्कडीने चेपून भागत नाही, त्यासाठी हायड्रॉलिक दाबयंत्र लागते. कोकण किनारी फिरणाऱ्यांनी कथिलाचा मुलामा दिलेल्या पट्ट्या आणि टोप्या वापराव्यात. खारी हवा उघडे तांबे लवकर खाते.

फ्यूजची जागा बॅटरीच्या धन टोकाला अगदी लागून. कारण फ्यूजच्या अलीकडच्या तारेचे रक्षण कुणीच करत नाही. फ्यूज निवडताना दुकानदार केवळ तो किती अँपिअरचा हवा एवढेच विचारतो. त्याहून मोलाचा आकडा म्हणजे तो किती प्रवाह तोडू शकतो. मोटारींत सर्रास वापरला जाणारा मेगा फ्यूज ३२ व्होल्टला २००० अँपिअरच्या आसपासच तोडू शकतो. शिसे-आम्ल बॅटरीला तो चालून जाई. लिथियमच्या शॉर्टसर्किटमध्ये त्याहून अधिक प्रवाह वाहिला, तर फ्यूज उडूनही आतली ठिणगी विझत नाही आणि वीज वाहतच राहते. म्हणून इथे २०,००० अँपिअर तोडणारा ‘क्लास टी’ फ्यूज वापरतात. तो महाग असतो. संपूर्ण बॅटरीत काटकसर करू नये अशी एकच जागा सांगा म्हटले, तर ती ही.

संरक्षक यंत्रणा

चारही घटांच्या दाबावर आणि तापमानावर नजर ठेवणारी आणि मर्यादा ओलांडताच बॅटरी तोडणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी म्हणजे बॅटरी व्यवस्थापन यंत्रणा, बोलीभाषेत बीएमएस. प्रत्येक घट ३.६५ व्होल्टवर गेला, २.५ खाली आला किंवा प्रवाह फार वाढला की ती मार्ग बंद करते. ती सहसा ऋण बाजूला बसवतात. तिच्या पाच बारीक तारा ठरावीक क्रमानेच जोडाव्या लागतात. खटका बसवण्यापूर्वी मल्टिमीटरने ऋण टोकापासून ०, ३.३, ६.६, ९.९, १३.२ असे चढते आकडे मिळतात का, ते पाहावे. क्रम चुकला तर पेटी क्षणात जळते. इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना त्यातील संधारित्र एकदम भरून घेतात, ठिणगी उडते आणि बीएमएस रुसून बंद पडते. तीस-चाळीस ओहमचा रोधक काही सेकंद मध्ये धरून मग जोडले की हा प्रसंग टळतो.

अनेक जण बीएमएसवर इतके विसंबतात की चार्जरचा दाब चुकीचा असला तरी ‘ती तोडेल’ म्हणून सोडून देतात. तिच्यातील इलेक्ट्रॉनिक स्विच बिघडले, तर ते बऱ्याचदा तुटलेल्या नव्हे, जोडलेल्या अवस्थेतच अडकतात. म्हणून ती अखेरचा पहारेकरी आहे, रोजचा नोकर नव्हे. रोजची शिस्त चार्जरने आणि इन्व्हर्टरने पाळावी. बीएमएसला वर्षभर काही करावे लागले नाही तर बांधणी उत्तम झाली असे समजावे. शिल्लक किती, हे व्होल्टमीटरवरून ओळखू येत नाही, कारण ८० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर येईपर्यंत या बॅटरीचा दाब जेमतेम पाव व्होल्ट उतरतो. त्यासाठी ऋण तारेत शंट बसवून आतबाहेर गेलेले अँपिअर-तास मोजणारा मीटर लावतात.

इंजिन, सूर्य आणि थंडी

गाडी चालू असताना अल्टरनेटरवर बॅटरी भरावी, ही कल्पना स्वाभाविक आहे. पण लिथियम बॅटरीचा रोध इतका कमी असतो की थेट जोडल्यास ती अल्टरनेटर देईल तेवढा सगळा प्रवाह घेते. घाटात किंवा वाहतूककोंडीत इंजिन मंद फिरत असताना अल्टरनेटरचा स्वतःचा पंखाही मंद असतो. तो तापतो आणि जळूही शकतो. शिवाय चार्जिंग चालू असतानाच बीएमएसने बॅटरी तोडली, तर अल्टरनेटरचा दाब क्षणभर उसळी घेतो आणि गाडीतील इलेक्ट्रॉनिक भागांना इजा पोहोचू शकते. म्हणून मध्ये ३० अँपिअरच्या आसपासचा डीसी-डीसी चार्जर बसवावा. तो ठरवून दिलेलाच प्रवाह घेतो.

छतावरच्या सौरपट्ट्यांसाठी एमपीपीटी नियंत्रक घ्यावा आणि त्यावर चार्जिंगचा दाब १४.२ व्होल्ट, नंतरचा तरता दाब १३.५ व्होल्ट ठेवावा. शिसे-आम्ल बॅटरीसाठी असलेली ‘इक्वलायझेशन’ आणि तापमानानुसार दाब बदलणारी सोय आठवणीने बंद करावी; पहिल्या सोयीत दाब पंधरा व्होल्टच्या पुढे जाऊ शकतो. नियंत्रकाला आधी बॅटरी जोडावी, मग सौरपट्टी. काढताना उलट.

थंडीचा धोका यापेक्षा फसवा आहे. शून्य अंशाखाली बॅटरीतून वीज काढता येते, पण भरता येत नाही. घट गारठलेला असताना चार्ज केला तर लिथियमचे आयन ग्राफाइटमध्ये शिरण्याऐवजी त्याच्या पृष्ठावर धातूच्या रूपात साचतात. क्षमता कायमची घटते आणि ही वाढ आतील पडदा भेदून शॉर्टसर्किटही करू शकते. त्या दिवशी काहीच जाणवत नाही, म्हणून तो फसवा. महाराष्ट्रात हा प्रश्न सहसा येणार नाही. पण मराठी प्रवाशांचे एक आवडते ठिकाण लेह-लडाख आहे आणि तिथे ऑक्टोबरच्या रात्री पारा शून्याखाली उतरतो. सकाळी स्वच्छ ऊन पडते, सौरपट्टी कामाला लागते आणि पेटीतले घट मात्र अजून रात्रीच्याच तापमानात असतात. बीएमएस घेताना कमी तापमानाला केवळ चार्जिंग तोडणारी घ्यावी आणि तिचा तापमापक पेटीच्या भिंतीला नव्हे, घटाला चिकटवावा. बॅटरी राहण्याच्या भागात ठेवली तर रात्रीची ऊबही मिळते.

आपल्याकडे उन्हाचा त्रास त्याहून अधिक. विदर्भात मे महिन्यात उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीच्या आत तापमान कुठवर जाते, ते सांगायला नको. उष्ण आणि पूर्ण भरलेल्या स्थितीत पडून राहणे ही लिथियम घटाची झीज वाढवणारी सर्वांत मोठी गोष्ट आहे. म्हणून पेटी इंजिनपासून आणि छतापासून दूर, जमिनीलगत ठेवावी आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर बॅटरी अर्धी भरून मुख्य स्विच बंद करावा. पेटी गाडीच्या सांगाड्याला बोल्टने पक्की बांधावी. अचानक ब्रेक दाबल्यावर तीस किलोची पेटी पुढे झेपावली तर रसायनशास्त्राची चर्चा निरर्थक ठरते. पेटीतील वायू झोपण्याच्या जागेत न येता बाहेर जाईल अशी नळीही ठेवावी. जवळ धूरसूचक आणि कार्बन मोनॉक्साइड सूचक असावा. पेटीतून धूर किंवा फसफस आवाज आला, तर झाकण उघडून पाहण्याच्या भानगडीत पडू नये. सर्वांनी बाहेर पडावे आणि दूर उभे राहून अग्निशमन दलाला बोलवावे. गाडीतील भुकटीचे अग्निशामक आजूबाजूचे फर्निचर विझवील, तापलेल्या घटाला थंड करण्याइतके ते समर्थ नाही.

कायद्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल गाडीत करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. आसने काढून पलंग बसवणे त्या कक्षेत येते. म्हणून परिवहन कार्यालयाशी आधी बोलावे आणि विमा कंपनीला बॅटरीची लेखी कल्पना द्यावी. अपघातानंतर ती मिळाली तर दावा अडकण्याचे निमित्त होते.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे सांधे पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. एखादा तरी सैल निघतो. भार चालू असताना हाताने, शक्य असल्यास इन्फ्रारेड तापमापकाने, प्रत्येक टोकाचे तापमान पाहावे. एकच टोक इतरांहून गरम लागले की कारण तिथेच आहे. दर सहा महिन्यांनी पूर्ण चार्ज झाल्यावर चारही घटांचे दाब वहीत लिहिले, तर कोणता घट मागे पडतो आहे ते त्रास होण्यापूर्वी कळते. घरी बांधलेल्या बॅटरीचा खरा लाभ इथे दिसतो. तयार बॅटरीतला एक घट गेला की बहुधा पूर्ण बॅटरी बदलावी लागते, इथे चार नट सोडून एकच घट बदलता येतो. निवृत्त झालेला घट मात्र भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नये. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार तो नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे जायला हवा आणि नेताना त्याच्या दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावलेली असावी, कारण रिकामा वाटणाऱ्या घटातही ठिणगी पाडण्याइतकी वीज उरलेली असते.